विचारपूस आणि चौकशी

एखाद्याच्या दारात जाऊन प्रश्न विचारण्याच्या दोन रीती आपल्या भाषेत आहेत. एकीला आपण विचारपूस म्हणतो, दुसरीला चौकशी. विचारपूस करणाऱ्याला माणूस हवा असतो, चौकशी करणाऱ्याला माहिती. एरवी हा फरक आपण फारसा मनावर घेत नाही, कारण गावात दोन्ही गोष्टी एकाच ओट्यावर, पुष्कळदा एकाच वाक्यात चालतात. "मुलगा कुठं असतो हल्ली?" या प्रश्नात माया किती आणि भोचकपणा किती, हे विचारणाऱ्यालाही धड ठाऊक नसते. २०२० सालच्या टाळेबंदीत मात्र या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या झाल्या. चौकशी अतोनात वाढली आणि विचारपूस आटली.

एकटेपणा आणि मानसिक आरोग्य या विषयावर त्या काळात आणि त्यानंतरही विपुल लिहिले गेले. त्यातले बहुतेक लिखाण एकट्या माणसाने काय करावे हे सांगणारे होते. छंद जोपासा, व्यायाम करा, बातम्या कमी पाहा, प्रार्थनेत मन रमवा. सल्ले वाईट नव्हते. पण ते सगळे त्याच माणसाच्या अंगावर टाकलेले होते, ज्याच्या अंगात काही करण्याची उमेद उरलेली नव्हती. आमचा प्रश्न निराळा आहे. एकट्या माणसाचे आपण काही देणे लागतो का? आणि लागत असू, तर ते नेमके कोणी फेडायचे?

जिते हे पेण तालुक्यातले गाव. एका अंगाने मुंबई-गोवा महामार्ग, दुसऱ्या अंगाने पनवेल-रोहा रेल्वे. आपटा आणि हमरापूर यांच्या मधले आमचे स्थानक इतके लहान की मेल गाड्या त्याच्याकडे पाहतही नाहीत. पण दिवा-रोहा गाडी थांबते, आणि त्या गाडीवर कित्येकांचा दिवस बांधलेला असतो. २२ मार्च २०२० रोजी रेल्वेने देशभरच्या प्रवासी गाड्या थांबवण्याचे जाहीर केले. मालगाड्या चालू राहिल्या. गावातले एक निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी फलाटावरच्या बाकावर बसायचे, गाडीतून उतरणाऱ्यांना हाका मारायचे. त्यांना कोणी घ्यायला यायचे नसे, की ते कोणाला पोहोचवायला जात नसत. एवढेच त्यांचे जगाशी नाते. टाळेबंदीत ते एकदा आम्हाला म्हणाले, "सर, रात्री मालगाडी गेली की जास्तच वाईट वाटतं. गाडी जाते, पण माणूस उतरत नाही."

त्याच दिवसांत महामार्गावरून आणि रुळांवरून चाकरमानी मुंबईहून पायी कोकणात निघाले होते. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. कोकणातल्या अनेक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि दगड टाकून रस्ते अडवले होते. कालपर्यंत जो गणपतीला, ईदला येणार म्हणून वाट पाहिली जायची, तोच आता 'मुंबईवाला' झाला. कोण आला, कधी आला, कोणाकडे उतरला, खोकतो का, हे सगळ्या गावाला पाच मिनिटांत कळायचे. तो जेवला का, हे विचारणारा क्वचितच असे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दूर राहण्याच्या नियमाबद्दल आमची तक्रार नाही. साथीच्या काळात दूर राहणे हे कर्तव्यच आहे, आणि ही काही आजची अक्कल नव्हे. हिजरी सन १८ च्या सुमारास शाममध्ये प्लेगची साथ पसरली होती. हजरत उमर तिकडे निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी त्यांना बातमी कळली, त्यांनी सल्लामसलत केली आणि ते माघारी फिरले. हजरत अबू उबैदा यांना हे रुचले नाही. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय, असा त्यांचा प्रश्न होता. उमर यांचे उत्तर असे होते की आपण एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. साथीच्या मुलखात शिरू नये आणि तेथून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची शिकवण त्याच प्रसंगी अब्दुर्रहमान बिन औफ यांनी सांगितली. ही हकीगत टाळेबंदीत सगळ्यांनी सांगितली, व्हॉट्सॲपवर तर ती दिवसातून दहा वेळा यायची. तिचा उरलेला अर्धा भाग मात्र सहसा कोणी सांगत नसे. अबू उबैदा आपल्या माणसांना सोडून आले नाहीत. ते तिथेच राहिले आणि त्याच साथीत वारले. माघारी फिरणारा आणि थांबणारा, या दोघांनाही इतिहासाने चुकीचे ठरवलेले नाही.

आपल्याकडचा दाखला अधिक जवळचा आहे. साथीचे रोग अधिनियम हा कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी केलेला. महाराष्ट्र सरकारने तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. १८९७ साली पुण्यात काय घडले, हे आपण शाळेत शिकवतो. गोरे सोजीर घरांत शिरले, रोगी शोधून काढू लागले, माणसे छावण्यांत नेऊ लागले. लोकांनी आजारी माणसे माळ्यावर, कोठीत लपवली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. रोग रोखण्याचा हेतू बरोबर असूनही चौकशीचे टोक कोठे जाते, ते त्या वर्षी दिसले. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांनी केले तसेच सर्वांनी करावे, असे कोणी म्हणणार नाही. सगळ्यांनी तसे केले असते तर साथ अधिक पसरली असती. तरीही त्या मुलाला कोणीतरी उचलायलाच हवे होते.

'सोशल डिस्टन्सिंग' या शब्दाबद्दलही दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २० मार्च २०२० रोजीच सांगितले की हा शब्द नको, 'शारीरिक अंतर' म्हणा. माणसांनी अंतर शरीराने ठेवायचे आहे, नाते तोडायचे नाही. आपल्याकडे सरकारी फलकांवर 'सामाजिक अंतर' हेच राहिले. ज्या महाराष्ट्रात सामाजिक अंतर पाळण्याची शिस्त शतकानुशतके पाणवठ्यावर शिकवली गेली, तेथे तरी हा शब्द वापरण्यापूर्वी कोणाला काही आठवायला हवे होते.

मार्च २०२० मध्येच घरी विलग राहायला सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय झाला. निवडणुकीत बोटाला लावतात तीच न पुसणारी शाई. प्रशासनाच्या दृष्टीने त्यात सोय होती. पण शिक्का बसलेला माणूस आधी हात लपवायचा, मग स्वतःला. मतदानाची शाई आपण कौतुकाने दाखवतो, आणि हीच शाई चार बोटे खाली, हाताच्या पाठीवर लागली की लोक आपल्याला टाळतात, हे आम्ही त्या दिवसांत पाहिले.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. पथके घरोघर गेली. ताप मोजला, बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजला, मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, याची नोंद केली. आशा सेविकांनी या कामात जे कष्ट उपसले, त्याचे मोल कोणत्याही मानधनाने होणार नाही. आम्हा शिक्षकांनाही या ना त्या कामाला लावलेच होते. कोणी तपासणी नाक्यावर, कोणी रेशन दुकानावर, कोणी पथकाबरोबर. मोहिमेने अनेकांचे प्राण वाचले असतील. तिच्या नावाकडे मात्र जरा थांबून पाहावेसे वाटते. माझे कुटुंब, माझी जबाबदारी. मग ज्याला कुटुंब नाही, त्याची जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न आम्हाला एका घराच्या ओट्यावर भेटला. साठी उलटलेली बाई, सगळे तिला खाला म्हणतात. नवरा पूर्वीच गेला. एकुलता मुलगा कुवेतला. मार्चमध्ये विमाने बंद झाली, मुलाचे काम थांबले, पैसे येणे थांबले, आणि फोनवर रडू येते म्हणून तो फोनही कमी करू लागला. रमजान घरातच गेला, २५ मे रोजीची ईदही. पूर्वी तरावीहनंतर पोरे तिच्या अंगणातून दंगा करीत जायची, त्यावरून ती रोज ओरडायची. त्या वर्षी ओरडायलाही कोणी नव्हते. तिच्या खोकल्याची बातमी शेजारून कोणीतरी पंचायतीत पोहोचवली होती, म्हणून ती दार लावून बसायची. पथक आले तेव्हा तिने कडी काढली नाही. खिडकीतूनच म्हणाली, "बेटा, विचारायला आलात की मोजायला?"

ताप नव्हता. प्राणवायू ९७. कागदावर ती ठणठणीत होती. ती तीन आठवडे धड झोपली नव्हती, एक वेळ चहा-बटर खात होती, आणि "एकटीसाठी काय चूल पेटवायची" असे म्हणत होती. कागदावर या गोष्टींना रकाना नव्हता. नसणार, कारण तो कागद फुप्फुसांसाठी बनवलेला होता. पथकातल्या एका परिचारिकेने मात्र पुढच्या दीड महिन्यात एक दिवसाआड तिच्या ओट्यावर, सहा फूट अंतर राखून, अर्धा तास बसण्याचा परिपाठ ठेवला. सुरुवातीला दोघी गप्पच असायच्या. पुढे तिनेच खालाला जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेले, गोळ्या सुरू झाल्या. हिवाळ्यापर्यंत खाला पुन्हा पोरांवर ओरडू लागली. गोळ्यांनी गुण आला की ओट्याने, हे आम्ही सांगू शकत नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे की दोन्ही लागते.

त्या परिचारिकेला हे काम कोणी सांगितले होते? कोणीच नाही. मग ते उपकार होते की कर्तव्य? आमच्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. फिक्हच्या शास्त्रात एक संकल्पना आहे, फर्ज-ए-किफाया. काही कर्तव्ये प्रत्येकाची स्वतंत्र असतात, जशी नमाज. काही कर्तव्ये सगळ्या वस्तीची मिळून असतात, जशी जनाजाची नमाज. वस्तीतल्या काही जणांनी ती पार पाडली की सगळे मोकळे होतात. कोणीच पार पाडली नाही तर सगळे दोषी ठरतात, आणि 'मला कोणी सांगितले नव्हते' हा बचाव तेथे चालत नाही. मृताच्या बाबतीत हे आपण इतके पक्के जाणतो की टाळेबंदीत वीस माणसांची मर्यादा असतानाही, स्वतः धोका पत्करून तरुणांनी अनोळखी माणसांचे दफन केले, आणि धर्म न पाहता दहनही केले. जिवंत माणसाच्या एकटेपणाला मात्र आपण तो दर्जा देत नाही. ते त्याच्या घरच्यांनी पाहावे, असे म्हणून मोकळे होतो. आजाऱ्याच्या इयादतीला आपल्याकडे हक्क म्हटले आहे, आणि हक्क म्हटला की कोणाच्या तरी डोक्यावर देणे आलेच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. एकांत ही वाईट गोष्ट कधीपासून झाली? सूफींनी खल्वत शोधली, संतांनी एकांत शोधला, एतिकाफमध्ये माणूस आपणहून दहा दिवस मशिदीच्या कोपऱ्यात बसतो. टाळेबंदीने तर सगळ्यांना फुकट एकांत दिला, त्याचा उपयोग करता आला नाही हा ज्याचा त्याचा दोष. असे बोलणारे पुष्कळ भेटले. त्यांपैकी बहुतेकांच्या घरात सहा-सात माणसे होती, हे जाता जाता नोंदवतो.

या आक्षेपाला इमाम गझाली यांच्या आयुष्याइतके चांगले उत्तर आम्हाला सापडले नाही. इ. स. १०९५ मध्ये ते बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते. शेकडो विद्यार्थी, दरबारात मान. आणि एके दिवशी जीभ बंद झाली. शिकवायला उभे राहावे तर शब्द फुटेना, घास गिळवेना. हकीम आले आणि त्यांनी सांगितले की रोग मनात शिरला आहे, तेथूनच तो शरीरात उतरला आहे. मनावरचे ओझे उतरेपर्यंत औषधाचा उपयोग नाही. हे सगळे गझालींनी स्वतः लिहून ठेवले आहे. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीचा एक शिक्षक, त्या काळातला सर्वांत मोठा आलिम, आपल्या मनाच्या आजाराची हकीगत न लाजता लिहितो, आणि आपण आज मानसोपचार तज्ज्ञाकडे जाताना बुरखा नीट करतो किंवा टोपी काढून खिशात ठेवतो.

गझालींना एकांताने बरे केले हे खरे. ते बगदाद सोडून गेले आणि सुमारे अकरा वर्षे शिकवण्यापासून दूर राहिले. पण त्यांनी मुलाबाळांच्या चरितार्थाची सोय आधी करून ठेवली होती, जाण्याचा निर्णय त्यांचा होता, आणि परतण्याचा रस्ता उघडा होता. ११०६ मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. 'इह्या'मध्ये त्यांनी एकांतावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात एकांताचे फायदे मोजले तसे संगतीचेही मोजले, आणि कोणाला काय मानवेल ते माणसावर सोडले. एतिकाफला बसणाऱ्याचीही गोष्ट तीच. तो एकटा असतो, पण वस्तीच्या वतीने बसलेला असतो. त्याची इफ्तारी कोणाच्या घरून जायची याची पाळी ठरलेली असते. ईदचा चांद दिसला की त्याला घ्यायला माणसे येतात. खालाचा एकांत यातल्या कशातच बसत नव्हता. तो तिने निवडला नव्हता. त्याची मुदतही ठरलेली नव्हती. आधी एकवीस दिवस, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. आणि मुदत संपल्यावर तिला घ्यायला कोणी येणार नव्हते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आंबा-सुपारीच्या बागा झोपल्या. श्रीवर्धन-मुरुडकडे तर हानीला सीमा राहिली नाही. वीज नाही म्हणजे मोबाइल नाही, आणि ज्यांचे उरलेसुरले नाते मोबाइलवर होते ते अगदीच तुटले. पण एक चमत्कारिक गोष्ट आम्ही पाहिली. वादळानंतरच्या दोन-चार दिवसांत लोक एकमेकांच्या अंगणात आले. पत्रे शोधून आणणे, कौले चढवणे, पडलेले झाड कापणे. हे काम सहा फुटांवरून होत नाही. कित्येक जण आम्हाला म्हणाले, वादळात नुकसान झाले, पण बरे वाटले. त्यात अर्थ आहे. २००५ च्या जुलैमधल्या पुरातही रायगडने हेच पाहिले होते. पूर, वादळ, भूकंप यांत शेजारी हा आधार असतो. साथीत शेजारी हाच धोका असतो. म्हणून साथ ही मनाला इतर आपत्तींपेक्षा जास्त पोखरते. आपत्तीत जे औषध आपोआप मिळायचे, तेच ती वर्ज्य करते. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत त्या वर्षी गणपतीच्या उंचीवर मर्यादा आली, अर्धवट मूर्ती रांगेने उभ्या राहिल्या. त्या कारागिरांचा प्रश्न पोटाचा होता, तरी बोलताना ते पैशांइतकेच कारखान्यातल्या रात्रीच्या गप्पांबद्दल बोलायचे.

आकडे सर्व काही सांगत नाहीत, पण ते झाकून ठेवण्यातही शहाणपण नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या नोंदल्या गेल्या, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. तिन्ही वर्षी सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात होती. २०२१ मध्ये २२,२०७. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या २०२१ मध्ये देशभरात १३,०८९ होत्या. या सगळ्यांचे कारण एकटेपणा होते असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. कर्ज, आजार, घरातला छळ, नोकरी, परीक्षा अशी कारणे गुंतलेली असतात. एकटेपणा हा स्वतः आजारही नव्हे. तो आजाराला दार उघडून देतो, आणि मग उपचारासाठी घराबाहेर पडण्याचे दार बंद करतो.

ते दार आपणही बंद ठेवतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, पण आपल्या बोलण्यात 'ठाण्याला पाठवा' ही शिवीच राहिली. आमच्या वस्तीत कोणाला झोप लागेनाशी झाली की आधी ताविज, मग नजर उतरवणे, मग लग्न, आणि सगळे थकल्यावर डॉक्टर. दुवेला आमचा विरोध नाही. दुवा करून गोळी घ्यावी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, असे तो सांगतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलता येते. हा क्रमांक मदरशाच्या, शाळेच्या आणि मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी लिहायला काय हरकत आहे, असे आम्ही एका बैठकीत विचारले. एक वयोवृद्ध सदस्य म्हणाले, "लोक काय म्हणतील, इथं सगळे वेडे आहेत?" क्रमांक शाळेच्या फलकावर आहे. मशिदीच्या फलकाचा निर्णय अजून व्हायचा आहे.

शाळांबद्दल थोडे. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे त्या काळी म्हटले जाई. मोबाइलवर धडे यायचे. आमच्या वर्गातल्या पुष्कळ घरांत एकच मोबाइल होता, तो सकाळी बापाबरोबर कामावर जायचा. धडा पोहोचला का, किती जणांनी उघडला, याची माहिती रोज वर कळवावी लागे. पुढे २०२१ च्या जुलैपासून सेतू अभ्यासक्रम आला, चाचण्या आल्या. मुले वाचायला विसरली होती, ते चाचणीत दिसले. जी बोलायला विसरली होती त्यांची चाचणी नव्हती. वर्ग भरू लागले तेव्हा एक मुलगा हाजिरीला उभा राहायचा, 'हाजिर' म्हणायचा, आणि दिवसभरात दुसरा शब्द काढत नसे. त्याचे आजोबा पहिल्या लाटेत गेले होते. घरात त्याच्याशी गप्पा मारणारे तेवढेच होते.

आमच्या एका सहकारी बाईंनी मग हाजिरीत एक बदल केला. नाव पुकारल्यावर प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारायचा, दरवेळी निराळा. रात्री काय जेवलास, बकरी व्याली का, आजीचा गुडघा कसा आहे. वर्गात चाळीस मुले. पहिल्या दिवशी पूर्ण तास त्यातच गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. गणित मागे पडते, अशी तक्रार मुख्याध्यापकांकडे गेली आणि ती खोटी नव्हती. बाई म्हणाल्या, उत्तर ऐकून न घेता विचारायचे असेल तर मी विचारणार नाही. शेवटी तडजोड झाली. आता रोज दहा मुलांना विचारतात. चौथ्या दिवशी फेरी पूर्ण होते, पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्या नावापासून सुरू. तो मुलगा सातवा आहे. दुसऱ्या फेरीत त्याने उत्तर दिले, तिसऱ्या फेरीत दिले नाही, चौथ्या फेरीत त्याने बाईंनाच विचारले, "तुम्ही काय जेवलात?"